आराखड्याविना १९१ मान्यता : राज्य जल मंडळाच्या देखरेखीचा एक प्रकरण अभ्यास

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २००७ ते २०१३ या काळात राज्यातील १९१ सिंचन प्रकल्पांना मान्यता दिली. अशी मान्यता देण्याआधी, प्रस्तावित प्रकल्प एकात्मिक राज्य जल आराखड्याशी सुसंगत आहे याची खात्री प्राधिकरणाने करून घ्यावी, अशी अट प्राधिकरणाच्या २००५ च्या अधिनियमाच्या कलम ११(च) मध्ये आहे. या साऱ्या काळात असा आराखडाच अस्तित्वात नव्हता. तो तयार करण्याची जबाबदारी राज्य जल मंडळाची होती, आणि त्या मंडळाची पहिली बैठक व्हायला २०१३ साल उजाडले. पुढे हे प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि त्याची चर्चा बहुतेक ठिकाणी ‘बेकायदा मान्यता’ या दोन शब्दांत आटोपली गेली. मान्यता कायद्याला सोडून होत्या, यात वादच नाही. मात्र पाण्याच्या कामांवर देखरेख ठेवण्यासाठी कायद्याने उभी केलेली रचना नेमकी कुठल्या जागी अडली आणि ती अडलेली असताना कागदांचा प्रवास इतका सुरळीत कसा चालू राहिला, हे समजून घेण्यासाठी या प्रकरणाचा अभ्यास करणे मला अधिक गरजेचे वाटते.

कायद्याने मांडलेली उतरंड

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ हा कायदा एकाएकी आलेला नव्हता. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्ये अहवाल दिला, त्यात राज्याची विभागणी २५ उपखोऱ्यांत करून प्रत्येक उपखोऱ्याचा पाण्याचा ताळेबंद स्वतंत्रपणे मांडला होता आणि पाण्याचे नियोजन तालुका-जिल्ह्याच्या हद्दींऐवजी नदीखोऱ्याच्या हद्दीत व्हावे, असा आग्रह धरला होता. २००३ च्या राज्य जलनीतीने हे तत्त्व स्वीकारले आणि २००५ च्या अधिनियमाने त्याला यंत्रणेचे रूप दिले.

ही यंत्रणा चार पायऱ्यांची आहे. सर्वांत खाली नदीखोरे अभिकरणे, म्हणजे व्यवहारात कृष्णा, विदर्भ, तापी, कोकण आणि गोदावरी मराठवाडा ही पाच पाटबंधारे विकास महामंडळे. त्यांनी आपापल्या खोऱ्याचा आणि उपखोऱ्यांचा जल आराखडा तयार करायचा. त्यावर राज्य जल मंडळ. त्याचे अध्यक्ष राज्याचे मुख्य सचिव आणि सदस्य संबंधित खात्यांचे सचिव. मंडळाने खोरेनिहाय आराखडे एकत्र करून राज्याच्या आराखड्याचा मसुदा बनवायचा. त्यावर मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्य जल परिषद, जिने या मसुद्याला मान्यता द्यायची. या तिन्हींपासून अलग, अर्धन्यायिक अधिकार असलेले प्राधिकरण, ज्याला या क्षेत्रातील लोक ‘मजनिप्रा’ म्हणतात. त्याने मान्य आराखडा समोर ठेवून प्रत्येक नवा प्रकल्प तपासायचा, पाणीवापराचे हक्क निश्चित करायचे, ठोक (मोठ्या प्रमाणावर पुरवलेल्या पाण्याची) पाणीपट्टी ठरवायची आणि तुटीच्या वर्षी खोऱ्यातील पाण्याचे समन्यायी वाटप करायचे. मसुदा तयार करण्याला आणि त्याला मान्यता देण्याला कायद्याने मुदत घातली होती, आणि ती महिन्यांत मोजायची होती.

मंडळात सचिवांना बसवण्यामागचा विचार मला अतिशय योग्य वाटतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. महाराष्ट्रात पाण्याचे काम एका खात्याकडे कधीच नव्हते. मोठी, मध्यम आणि काही लघु धरणे जलसंपदा विभागाकडे. त्या काळी २५० हेक्टरांपर्यंत सिंचनक्षमतेची लहान कामे जलसंधारण विभाग आणि जिल्हा परिषदांकडे. विहिरींचे पाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या अभ्यासाचा विषय, पिण्याच्या पाण्याच्या योजना पाणीपुरवठा विभागाच्या, पीकरचना कृषी विभागाची, उद्योगांची मागणी आणखी वेगळ्या खात्याची. एकाच ओढ्यावर पाझर तलाव एका खात्याने बांधायचा, बंधारा दुसऱ्याने आणि खाली लघुपाटबंधारे तलाव तिसऱ्याने, आणि तिघांनीही त्याच पावसाचे तेच पाणी आपापल्या प्रस्तावात पूर्ण धरायचे, हा आपल्याकडचा जुनाच प्रकार. या सर्व खात्यांच्या सचिवांना एका मेजाभोवती बसवून एकाच ताळेबंदावर सही करायला लावणे, हे राज्य जल मंडळाचे खरे प्रयोजन होते. ‘एकात्मिक’ या शब्दाचा अर्थही हाच आहे.

मान्यता कशी मिळत गेली

प्राधिकरण ऑगस्ट २००५ मध्ये स्थापन झाले आणि लवकरच कामाला लागले. पाणीहक्कांचे प्रयोग, पाणीपट्टीचे निकष, त्यावरील जाहीर सुनावण्या हे सारे झाले, आणि ठोक पाणीपट्टीचा २०११ चा आदेश त्यातूनच आला. राज्य जल मंडळ आणि राज्य जल परिषद मात्र कागदावर स्थापन होऊन तशीच राहिली. मंडळाची बैठक नाही, म्हणून मसुदा नाही. मसुदा नाही, म्हणून परिषदेला मान्यता देण्यासारखे काही नाही. परिषदेची पहिली बैठक जानेवारी २०१५ मध्ये झाली, म्हणजे कायदा येऊन जवळपास दहा वर्षांनी.

या काळात प्रकल्पांचे प्रस्ताव मात्र येतच होते. सिंचन प्रकल्पाच्या प्रस्तावात काय असते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल की त्यात कागदांची उणीव कधीच नसते. संकल्पन, अंदाजपत्रक, लाभव्ययाचे गुणोत्तर, बुडीत क्षेत्राचा तक्ता, लाभक्षेत्राचा नकाशा आणि नाशिकच्या जलविज्ञान कार्यालयाने दिलेले पाणी उपलब्धतेचे प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र सांगते की या ठिकाणी ७५ टक्के विश्वासार्हतेने, म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तर वर्षी, इतके इतके पाणी मिळेल. हे पाणी खाली कोणाच्या नावावर आधीच लिहिलेले आहे, त्याच उपखोऱ्यात इतर खात्यांनी काय काय योजले आहे, भूजलाच्या उपशामुळे नदीत येणारा प्रवाह किती घटला आहे, याची सांगड घालणारा दस्तऐवज म्हणजे आराखडा, आणि तोच त्या फायलीत नसे. एकेकटा प्रस्ताव त्यामुळे निर्दोष दिसे. शंभर प्रस्तावांची बेरीज खोऱ्यात आहे त्याहून जास्त पाणी मागत असली, तरी ती बेरीज करून पाहण्याची जागा यंत्रणेत रिकामी होती.

प्राधिकरणाच्या बाजूने एवढे म्हणता येईल की आराखडा तयार करणे हे त्याचे काम नव्हते, आणि आराखडा नाही म्हणून राज्यातील प्रत्येक प्रकल्प अडवून धरणे हे नव्या संस्थेला राजकीयदृष्ट्या सोपे नव्हते. हा बचाव मला समजतो, पण पटत नाही. कलम ११(च) मधील अट ऐच्छिक नव्हती. पहिला प्रस्ताव आला तेव्हाच प्राधिकरणाने तो ‘आराखडा उपलब्ध नाही’ असा शेरा मारून परत पाठवला असता, तर मंडळाला बैठक घ्यावी लागली असती, कारण त्या शेऱ्याचा दाब आमदार, कंत्राटदार आणि महामंडळे या तिघांच्याही बाजूने मंत्रालयापर्यंत पोहोचला असता. नियामकाच्या हातात नकार हे एकच साधन होते, आणि ते वापरले गेले नाही. मंडळाच्या निष्क्रियतेला प्राधिकरणाच्या प्रत्येक मान्यतेने थोडे थोडे बळ दिले, कारण आराखड्याविना काम अडत नाही, हे दर वेळी पुन्हा सिद्ध होत गेले.

पाण्याच्या कायद्यांची उपेक्षा ही या राज्यात नवी गोष्ट नव्हती. १९७६ च्या महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियमाखालचे नवे नियम दशकानुदशके झाले नाहीत आणि यंत्रणा जुन्या नियमांवर चालत राहिली. २०११ मध्ये तर २००५ च्या अधिनियमातच दुरुस्ती होऊन, सिंचन, पिण्याचे पाणी आणि उद्योग यांच्यात पाण्याची क्षेत्रीय विभागणी ठरवण्याचा अधिकार मंत्रिमंडळाकडे घेण्यात आला आणि मंत्र्यांच्या उच्चाधिकार समितीने आधी घेतलेले असे निर्णयही त्याच दुरुस्तीने संरक्षित झाले. एका बाजूला देखरेख करणाऱ्या मंडळाची बैठक होत नव्हती आणि दुसऱ्या बाजूला नियामकाच्या अधिकारातला मोठा हिस्सा काढून घेतला जात होता, हे दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय चित्र पुरे होत नाही.

न्यायालयाची पायरी

तेव्हाच्या औरंगाबादमधील जल व भूमी व्यवस्थापन संस्थेचे, म्हणजे ‘वाल्मी’चे, निवृत्त सहयोगी प्राध्यापक प्रदीप पुरंदरे यांनी २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जनहित याचिका दाखल केली. तिच्यातील मागणी साधी होती : कायद्यात लिहिलेले करा. मंडळ आणि परिषद कार्यान्वित करा, आराखडा तयार करा आणि तोवर नव्या प्रकल्पांना मान्यता देऊ नका. न्यायालयाने आराखडा तयार होईपर्यंत मान्यता देण्यास प्रतिबंध करणारा आदेश दिला, आणि ज्या यंत्रणेला आठ-नऊ वर्षे वेळ मिळाला नव्हता ती हलू लागली. १९१ प्रकल्पांच्या मान्यतांची तपासणी करण्यासाठी शासनाला समिती नेमावी लागली. जानेवारी २०१५ मधील परिषदेची पहिली बैठक याच क्रमात झाली.

गोदावरी खोऱ्याचा आराखडा प्रथम हाती घेण्यात आला. त्याचा आधीचा मसुदा समाधानकारक नव्हता, म्हणून के. पी. बक्षी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तो नव्याने तपासून मांडला. याचिकाकर्ते पुरंदरे हेही या समितीत होते, आणि तक्रार करणाऱ्यालाच कामाला जुंपण्याचा हा निर्णय मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. २०१७ च्या अखेरीस राज्य जल परिषदेने गोदावरी आराखड्याला मान्यता दिली आणि त्यानंतर इतर खोऱ्यांची कामे मार्गी लागली.

जायकवाडीच्या बाजूने पाहिले तर

आराखडा नसण्याची किंमत काय असते, हे पैठणला जाऊन पाहावे. तिथल्या गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांनी प्रकल्पाचे उद्घाटन केले. त्याच्या जलाशयाचा, म्हणजे नाथसागराचा, एकूण साठा २९०९ दशलक्ष घनमीटर, त्यातील उपयुक्त साठा २१७१ दशलक्ष घनमीटर, म्हणजे ७६.६५ टीएमसी (अब्ज घनफूट). धरण बांधताना वरच्या भागातून जेवढे पाणी येईल असे गृहीत धरले होते, तेवढे पुढच्या काळात येईनासे झाले. एक तर नंतरच्या जलवैज्ञानिक अभ्यासांत उपलब्धतेचा आकडाच खाली आला आणि दुसरे म्हणजे नाशिक आणि अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांत वरच्या अंगाला धरणे, बंधारे आणि त्यांवरचा पाणीवापर वाढत गेला.

इथे एक बाब नीट लक्षात घ्यायला हवी. गोदावरीच्या पाण्याबाबत १९७५ मध्ये राज्यांमध्ये झालेल्या आणि पुढे लवादाच्या निवाड्यात सामील केलेल्या करारांनुसार पैठण धरणापर्यंतचे गोदावरीचे सर्व पाणी वापरण्याची मुभा महाराष्ट्राला आहे. कृष्णेवर वरच्या राज्याने जास्त पाणी अडवले तर लवाद आहे, शेजारी राज्य न्यायालयात जाते, केंद्राकडे तक्रार होते. पैठणच्या वर तसे कोणीही बाहेरचे नाही. राज्याने स्वतःला घातलेला लगाम हाच तिथला एकमेव लगाम, आणि तो लगाम म्हणजे आराखडा. तो नसताना वरच्या भागातील प्रत्येक नवा दगड खालच्या धरणात येणाऱ्या पाण्यातून काहीतरी वजा करत गेला आणि त्या वजाबाकीची नोंद कोणाच्याही वहीत झाली नाही.

२०१२ च्या दुष्काळात ही वजाबाकी उघड्यावर आली. अधिनियमाचे कलम १२(६)(ग) म्हणते की तुटीची झळ खोऱ्यातील सर्वांनी समन्यायाने वाटून घ्यावी. त्याच्या आधारे वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्याची मागणी झाली, वाद प्राधिकरणापुढे आणि न्यायालयापुढे गेले. हिरालाल मेंढेगिरी यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने २०१३ मध्ये मुळा, प्रवरा, गंगापूर, गोदावरी-दारणा आणि पालखेड या धरणसमूहांसाठी तक्ते बनवले. जायकवाडीत अमुक टक्के साठा असेल तर वर किती ठेवता येईल, हे त्यांत होते. प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ रोजी या शिफारशींवर आधारलेला आदेश दिला आणि उच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१६ च्या निकालात समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. १५ ऑक्टोबरला जायकवाडीतील उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून, म्हणजे सुमारे १४११ दशलक्ष घनमीटरहून कमी असेल, तर वरून पाणी सोडायचे, हा नियम तेव्हापासून सर्वांच्या तोंडी आहे.

नियम झाला म्हणून पाणी आपोआप वाहत नाही. २०१८ मध्ये सुमारे ९ टीएमसी आणि २०२३ मध्ये सुमारे ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचे आदेश निघाले. पाणी सोडायच्या आधी नदीपात्रातील कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात. काठावरच्या मोटारींची वीज तोडावी लागते आणि पोलीस बंदोबस्त लावावा लागतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पात्र कोरडे असेल तर पहिले पाणी वाळू पिते, वाटेतले डोह पितात, आणि वरच्या धरणाच्या दारातून मोजून सोडलेले पाणी नाथसागरात मोजताना लक्षणीय घटलेले असते. वरचा शेतकरी म्हणतो, माझा ऊस वाळला आणि पाणी कुणालाच मिळाले नाही. खालचा शेतकरी म्हणतो, पावसाळ्यात पूर वाहत असतानाच ते सोडले असते तर एवढी गळती झाली नसती. दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच मला या वादात ‘नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा’ ही भाषा फार क्लेशदायक वाटते. त्या दोघांना समोरासमोर उभे केले ते आराखड्याच्या अभावाने. पाण्याची विभागणी प्रकल्प मंजूर होताना व्हायला हवी होती. ती दुष्काळात, कोरड्या पात्रात, पोलिसांच्या साक्षीने करावी लागत आहे.

पुढे २०२३ मध्ये शासनाने मेंढेगिरी सूत्राच्या फेरविचारासाठी नवा अभ्यासगट नेमला. ६५ टक्क्यांची मर्यादा ५८ टक्क्यांवर आणावी अशी त्याची शिफारस आली आणि मराठवाड्यातून तिला तीव्र विरोध झाला. अशा शिफारशीचे मूल्यमापन ज्या ताळेबंदावर व्हायला हवे तो दरवर्षी अद्ययावत होऊन लोकांसमोर आला, तर सात टक्क्यांचा वाद निदान आकड्यांवर होईल.

आता काय तपासावे

आराखडा झाला, पण मंडळाची देखरेख सुरू झाली का, हा वेगळा प्रश्न आहे. देखरेख तीन ठिकाणी दिसायला हवी. पहिले, मंडळाच्या बैठकांची वारंवारता आणि त्यांची इतिवृत्ते. मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील मंडळ ठरावीक काळाने बसते की न्यायालयाची तारीख आल्यावर बसते, हे इतिवृत्तांवरूनच कळेल, आणि ती मराठीत प्रसिद्ध व्हायला कोणतीही अडचण नाही. दुसरे, जलसंधारणाची कामे आणि विहिरी. राज्यातील सिंचनाचा फार मोठा भाग विहिरींवर आहे, आणि शेततळी, बंधारे, नाला खोलीकरण यांनी अडवलेले पाणी त्याच उपखोऱ्याच्या हिशोबात वजा झाले नाही, तर आराखडा पुन्हा केवळ धरणांची यादी होऊन बसेल. ही कसोटी सर्वांत अवघड आहे, कारण एका खात्याच्या सचिवाने दुसऱ्या खात्याच्या लोकप्रिय योजनेवर मर्यादा घालण्याचा प्रसंग इथेच येतो, आणि सचिवांचे मंडळ निर्माण केले ते याच प्रसंगासाठी.

तिसरे म्हणजे ते १९१ प्रकल्प. त्यांतील अनेकांची कामे सुरू झालेली आहेत, जमिनी गेल्या आहेत, काही ठिकाणी घळभरणी, म्हणजे नदीपात्रातील धरणाचा शेवटचा भाग बुजवण्याचे काम, झाली आहे. ज्यांच्या जमिनी लाभक्षेत्रात दाखवल्या गेल्या, त्यांनी त्या भरवशावर मुलांचे आणि शेताचे बेत आखले आहेत, आणि त्यांचा यात काडीचाही दोष नाही. मान्यता रद्द करा म्हणणे सोपे आहे. अवघड काम असे की प्रत्येक प्रकल्प मान्य आराखड्यातील त्याच्या उपखोऱ्याच्या ताळेबंदात बसवून पाहायचा, जिथे पाणी पुरत नाही तिथे साठवणक्षमता किंवा लाभक्षेत्र कमी करायचे, तो निर्णय कारणांसह लेखी द्यायचा आणि त्या गावांत जाऊन सांगायचा. गोदावरी खोऱ्यातील प्रकल्पांपासून याची सुरुवात करता येईल, कारण तिथला आराखडा सर्वांत आधी मान्य झाला आहे, आणि पैठणला १५ ऑक्टोबर दरवर्षी येतो.